मीठ बरणीचा आकार घेतं, मग ते द्रव का नाही?

बाई, नमस्कार. आम्ही शिरोड्याजवळ राहतो. माझी लेक सातवीत आहे. मागच्या महिन्यात शाळेत चाचणी झाली, तिच्यात द्रव पदार्थांची तीन उदाहरणं लिहायची होती. तिने पाणी, दूध आणि मीठ असं लिहिलं. गुण गेले त्याचं मला काही नाही, पण तिचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं आणि सगळे हसले. घरी येऊन मला म्हणाली, "आये, मीठ बरणीचो आकार घेता, ओतूक येता, मगे ता स्थायू कसा?" मी गप्प. मग म्हणाली, "आणि पावसात मिठाचा पाणी होता, तेव्हा ता वितळता काय?" त्यालाही मी गप्प. मी दहावीपर्यंत शिकले आहे, पण असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. घरचे म्हणतात, पुस्तकात आहे ते पाठ कर आणि मोकळी हो. तेव्हापासून पोर काही विचारतच नाही. शिकवणी लावू का? की मीच तिला काही सांगू शकेन?
— एक आई, वेंगुर्ला तालुका

ताई, नमस्कार.

शिकवणी लावू नका, निदान या कारणासाठी तरी नको. लेकीचं उत्तर चुकलं हे खरं, पण ती ज्या वाटेने तिथे पोचली ती वाट सरळ आहे. द्रव भांड्याचा आकार घेतो, असं पुस्तकाने सांगितलं. तिने घरात पाहिलं तर मीठही बरणीत बरणीसारखं आणि वाटीत वाटीसारखं दिसतं. मग तिने मीठ द्रवांच्या यादीत लिहिलं. वाक्य वाचून ते घरातल्या वस्तूला लावून बघणारी मुलं वर्गात दोन-चारच असतात. तुमच्या घरी त्यातली एक आहे.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एकदा एका मुलाने मला विचारलं होतं, "बाई, वाळू कुठल्या रकान्यात लिहू?" तास संपत आला होता. "स्थायू लिही आणि पुढे चल," असं मी म्हणाले. त्याने लिहिलं. वर्षभरात त्याने मला दुसरा प्रश्न विचारला नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे, म्हणून तुमच्या पत्राला जरा सविस्तर लिहिते आहे.

आज दुपारी जेवणं झाली की तिला घेऊन ओट्याशी बसा. दोन ताटल्या घ्या. एकीत वाटीभर पाणी ओता, दुसरीत वाटीभर कोरडं मीठ. पाणी ताटलीच्या कडेपर्यंत पसरेल आणि त्याचा वरचा भाग सपाट होईल. ताटली एका बाजूने उचलली तरी पाणी आपली पातळी पुन्हा सरळ करून घेईल. मिठाचा मात्र ढीग होईल. तो तसाच उभा राहील, उद्या सकाळी पाहिलात तरी ढीगच असेल. वरून अजून मीठ घातलंत तर चार दाणे उतारावरून घरंगळतील आणि पुन्हा तेवढाच उतार राहील. कोरड्या वाळूच्या ढिगाचा उतार साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो. त्याहून जास्त तो उभा राहत नाही, आणि आपणहून सपाटही होत नाही.

बरणीत ओतल्यावर बरणीसारखा झाला तो ढीग, मीठ नव्हे. हे तिला नुसतं सांगू नका, दाखवा. दळलेलं पाकिटातलं मीठ यासाठी उपयोगाचं नाही, खडेमीठ घ्या. त्यातला एक स्वच्छ, काचेसारखा खडा निवडून काळ्या तव्यावर ठेवा आणि भिंगाने बघायला द्या. भिंग नसेल तर फोनचा कॅमेरा जवळ नेऊन मोठा करा. खड्याच्या कडा सरळ दिसतील, कोपरे काटकोनात. सुरीचं पातं त्याच्या बाजूला समांतर धरून वरून बत्त्याने हलकेच टोला द्या (हे तुम्ही करा, तिला करू देऊ नका). खडा फुटेल तो बहुतेक पुन्हा सपाट बाजू आणि काटकोन घेऊनच. मिठात सोडियमचा आणि क्लोरीनचा कण एकाआड एक असे वर-खाली, मागे-पुढे, डावी-उजवीकडे चौकोनी मांडणीत बसलेले असतात, म्हणून तुकडाही चौकोनी निघतो. आता तोच खडा बरणीत टाका, वाटीत टाका, मुठीत धरा. त्याचा आकार बदलला का, एवढंच तिला विचारा. पुढचं ती स्वतः बोलेल.

स्थायूची ओळख दाण्याशी करायची, ढिगाशी नाही. वाळू, रवा, पीठ, तांदूळ सगळ्यांना हेच लागू. ढिगात दाण्यादाण्यांमधून हवा असते, ती धरली तर ढीग म्हणजे स्थायू आणि वायूची मिसळ. ग्लासभर कोरडी वाळू घेऊन त्यात हळूहळू पाणी ओतून बघा. ग्लास वाळूने काठोकाठ भरलेला असतानाही त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी आत मावतं. ते पाणी जिथे गेलं तिथे आधी हवा होती.

पाऊस उघडून समुद्र शांत झाला की तिला संध्याकाळी वेळागरच्या किनाऱ्यावर न्या. ओहोटीला पाणी मागे गेल्यावर जी ओली, कडक वाळू उघडी पडते तिच्यावर पाऊल दाबायला सांगा. पावलाभोवतीची वाळू क्षणभर पांढुरकी, कोरडी दिसते. आपण सगळ्यांनी हे लहानपणापासून पाहिलं आहे, पण थांबून विचारलेलं नाही. दाबल्यावर पाणी वर यायला हवं, ते खाली कसं जातं? ऑस्बर्न रेनॉल्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ साली याचा उलगडा केला. लाटांनी आपटून आपटून ते दाणे एकमेकांत घट्ट बसलेले असतात. पावलाचा भार आला की त्यांना सरकावं लागतं. सरकताना ते एकमेकांवर चढतात आणि मधली जागा उलट वाढते. वरचं पाणी त्या वाढलेल्या जागेत उतरतं, म्हणून वाळू कोरडी दिसते. पाऊल उचललं की पाणी परत येतं. दाण्यांनी आपला आकार सोडला असता तर हे घडलंच नसतं.

आता तिचा दुसरा प्रश्न. पहिल्यापेक्षा मला तो जास्त आवडला, कारण त्याचं अर्धं उत्तर आपल्या भाषेतच आहे. आपण म्हणतो बर्फ वितळला, साखर विरघळली, मीठ पाघळलं. तूप थिजतं आणि पाणी गोठतं. दूध आटतं, पाक आळतो, कापूर उडतो. घरातल्या बायका हे शब्द दिवसभर वापरतात आणि सहसा चुकत नाहीत. चहात साखर वितळली असं कुणी म्हणत नाही. बर्फ वितळतो तेव्हा त्याला फक्त उष्णता लागते, दुसरा कुठला पदार्थ लागत नाही. साखर विरघळते तेव्हा तिला पाणी लागतं. या दोन गोष्टी एक नाहीत. मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअस तापमान हवं, आणि आपल्या गॅसवरच्या कढईत ते कधी वितळत नाही. वाटीभर पाण्यात मात्र ते थंडपणीच विरघळतं.

मग पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी कुठून मिळतं? हवेतून. जुलै-ऑगस्टात आपल्या किनाऱ्यावरची हवा वाफेने जवळजवळ काठोकाठ भरलेली असते. ठरावीक तापमानाला हवेत जेवढी वाफ मावू शकते तिच्या ७५ टक्क्यांहून जास्त वाफ हवेत असली की शुद्ध मीठसुद्धा ती ओढून घेतं आणि त्या पाण्यात स्वतः विरघळू लागतं. खडेमिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड मिसळलेलं असतं. ते तर याहून कितीतरी कमी दमट हवेतही पाणी ओढतं, म्हणून आपलं खडेमीठ आधी पाघळतं. बरणीत तांदळाची पुरचुंडी ठेवायची रीत यासाठीच आहे. पाकिटातल्या मिठात दाणे चिकटू नयेत म्हणून एक वेगळा पदार्थ घातलेला असतो, तरी आषाढात त्याचाही गठ्ठा होतोच. तेव्हा लेकीला सांगा की पावसात मीठ वितळत नाही, ते हवेतलं पाणी पिऊन विरघळतं. त्याला आपण पाघळणं म्हणतो. शब्द तिच्या घरातलाच आहे.

मिठाचं अजून एक सांगते, मग पुढे जाते. दृष्ट काढल्यावर मीठ-मोहऱ्या चुलीत टाकतात तेव्हा तडतड आवाज येतो. मिठाची तडतड कशाची असते माहीत आहे? मिठागरात खडा घडत असताना त्याच्या पोटात खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब अडकून राहतात. निखाऱ्यावर पडल्यावर त्या थेंबांची वाफ होते. १०० अंशांच्या वाफेला पाण्याच्या साधारण १,७०० पट जागा लागते, आणि खड्याच्या पोटात तेवढी जागा कुठली? मग खडा फुटतो. खडा स्थायू, आतला थेंब द्रव, फोडून बाहेर पडणारी वाफ वायू. तिन्ही अवस्था चिमूटभर मिठात एकाच वेळी. दृष्टीवर कुणाचा विश्वास असो वा नसो, हा आवाज मुलीने एकदा लक्ष देऊन ऐकावा असं मला मनापासून वाटतं.

तापमानाचीही गोष्ट तिच्या कानावर घालून ठेवा. खोबरेल स्थायू की द्रव, असं कुणी विचारलं तर तिने उलट विचारावं, किती अंशाला? खोबरेल २४-२५ अंशांच्या आसपास वितळतं. त्यामुळे कोकणात ते बहुतेक वर्षभर पातळ असतं, आणि जानेवारीतल्या एखाद्या गार पहाटे बाटलीत पांढरं थिजून बसतं. पुण्याला दिलेली बाटली हिवाळाभर उन्हात ठेवावी लागते. उलट कोकमाच्या बियांचं तेल. आमच्या रत्नागिरीकडे त्याला मुठेल म्हणतात, तुमच्याकडे भिरंडेल. नावात तेल असलं तरी ते आपल्या उकाड्यातही घट्ट गोळाच असतो, कारण ते वितळायला ४० अंशांच्या आसपास जावं लागतं. भेगाळलेल्या टाचांना लावताना आपण ते आधी गरम का करतो, हे तिला विचारा.

कण आत काय करतात, हे मी वर्गात पंगतीवरून सांगत असे. स्थायूतले कण पंगतीला बसलेल्या माणसांसारखे असतात. हात हलतात, मान हलते, पण पाट कुणी सोडत नाही. द्रवातले कण जत्रेतल्या गर्दीसारखे, खांद्याला खांदा लागलेला, तरी सगळे सरकत असतात. म्हणून द्रव भांड्याप्रमाणे आकार बदलतो, पण त्याचं आकारमान तेवढंच राहतं. एक लिटर दूध पातेल्यातही लिटरच आणि बाटलीतही लिटरच. वायूतले कण मात्र एकमेकांपासून इतके लांब असतात की मध्ये मोकळी जागाच जास्त असते. त्यांना ना आकार, ना ठरावीक आकारमान. औषधाच्या दुकानातून एक नवी सिरिंज आणा, सुई नको. आत हवा ओढून पुढचं भोक बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या दाबा. हवा सहज दबते, सोडल्यावर दट्ट्या मागे येतो. मग तीच सिरिंज बुडबुडा न ठेवता पाण्याने भरा आणि तसंच दाबून बघा. तिच्या अंगठ्याला जे कळेल ते माझ्या दोन पानांनी कळणार नाही.

हवेचे रेणू आपल्या घरातल्या तापमानाला सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने धावतात. मग शेजारी बोंबील भाजायला घेतले की वास लगेच का येत नाही? कारण वासाच्या रेणूंची वाटेत हवेच्या रेणूंशी पावलोपावली टक्कर होते. ते आपटत, वळत, भरकटत येतात. वारा नसेल तर फारच हळू.

वायूबद्दल एक गोष्ट मात्र प्रत्येक घरात माहीत असायलाच हवी. आपल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, तो बराचसा द्रवरूपात. सिलिंडर हलवला की आत डचमळतं ते त्यामुळे. दाबाखाली तो द्रव राहतो, बाहेर आला की वायू होऊन साधारण अडीचशे पट पसरतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून जमिनीलगत साचतो. गॅसचा वास आला तर विजेचं बटण चालू-बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा आणि खिडकीबरोबर दारही सताड उघडा. तो उंबऱ्यावरूनच बाहेर जातो.

लेक पुढे विचारेल, फणसाचा चीक कशात लिहू? टूथपेस्ट? दही? तेव्हा घाबरू नका. या वस्तू खरोखरच कडेवरच्या आहेत. टूथपेस्ट ब्रशवर उभी राहते आणि दाबल्यावर वाहते. असल्या पदार्थांवर मोठ्या प्रयोगशाळांमध्ये माणसं आयुष्यभर काम करतात. "याला एका रकान्यात बसवणं अवघड आहे," हेही खरं उत्तर आहे, आणि ते तिला आईच्या तोंडून ऐकायला मिळालं तर फार चांगलं.

शाळेचं म्हणाल तर भांडायला जाऊ नका, पण गप्पही बसू नका. शिक्षकांना एकट्याने भेटा. गुण मागू नका. ती तसं का म्हणाली तेवढं सांगा, आणि वर्गात ढीग आणि खडा दाखवायची तिला पाच मिनिटं द्याल का, असं विचारा. ज्या वर्गासमोर ती हसू झाली त्याच वर्गासमोर तिला बोलायला मिळायला हवं, नुसत्या समजुतीने ते भरून निघणार नाही. शिक्षक नाही म्हणाले तर शेजारच्या चार मुलांना ओटीवर बोलवा. परीक्षेत तिने असं लिहावं: स्थायूला स्वतःचा आकार आणि ठरावीक आकारमान असतं, द्रवाला ठरावीक आकारमान असतं, पण स्वतःचा आकार नसतो, वायूला दोन्ही नसतं. मीठ स्थायू आहे, कारण त्याच्या प्रत्येक दाण्याला स्वतःचा आकार असतो. एवढं पाठ केलं तरी हरकत नाही, आता त्याच्यामागे ताटली आणि तवा आहे.

आणि तुम्ही राहता शिरोड्याला! १९३० च्या मे महिन्यात जिथे मिठाचा सत्याग्रह झाला ती मिठागरं तुमच्या इतकी जवळ आहेत. फेब्रुवारी-मार्चात तिला तिथे न्या. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सगळे क्षार मिळून ३५ ग्रॅमच्या आसपास असतात, आणि लिटरभर पाणी साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळवून धरू शकतं. म्हणून खारं पाणी उन्हावाऱ्याने आटत आटत दहाव्या हिश्श्यावर आलं की मग कुठे मिठाचे दाणे धरू लागतात. शेवटी जे कडू पाणी उरतं त्यात ते पाणी ओढणारं मॅग्नेशियम असतं. तिथे काम करणाऱ्यांना हे सगळं आकड्यांशिवाय कळतं. पाणी कधी धरलं आणि मीठ कधी ओढायचं, हे तिने त्यांनाच विचारावं.

तोवर घरी एक करा. बरणीच्या तळाशी पाघळून साचलेलं पाणी एका खोलगट बशीत काढा आणि बशी फडताळावर ठेवून द्या. ढवळू नका, चुलीवरही ठेवू नका. आत्ता श्रावणात ती वाळणार नाही, उलट पाणी थोडं वाढेलही. बशीच्या बाहेरून खडूने खूण करून ठेवा आणि रविवारी-रविवारी पाणी कुठवर आहे ते तिला वहीत लिहू द्या. पाऊस सरून ऑक्टोबरचं ऊन पडलं की पाणी उतरू लागेल आणि तळाशी चौकोनी दाणे दिसायला लागतील. जितकं सावकाश वाळेल तितके ते मोठे होतात. पहिला दाणा कुठल्या तारखेला दिसला ते मला कळवा. ते पत्र लेकीला लिहू द्या, मालवणीत लिहिलं तरी मला वाचता येतं.